मेस्त्री, पॅनेल हलता

सकाळी ६.३०

ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा लागला की मालवणात होड्यांची वायरिंगं करणाऱ्याला गजर लावावा लागत नाही, फोनच उठवतो. पावसाळ्यात जलपर्यटन बंद आणि १ सप्टेंबरपासून पुन्हा सुरू, हे सगळ्या मालकांना मे महिन्यातच ठाऊक असतं. तरी जून-जुलैत एकजण फिरकेल तर शपथ. होडी माडाखाली ताडपत्री पांघरून पडलेली, मालक शेतीत नाहीतर कॅरमवर. मग हंगाम तोंडावर आला की सगळ्यांचं सगळं एकदम बिघडतं.

आजचं काम फोनवर असं सांगितलं गेलं: "मेस्त्री, पॅनेल हलता आणि काटे नाचतत. दोन स्क्रू मारून दी, झाला."

दोन स्क्रूंचं म्हणून आलेलं काम दोन स्क्रूंत आटोपल्याचं मला आठवत नाही. म्हणून पिशवीत सगळंच भरतो. मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, थिंबलांचा डबा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, नायलॉक नट, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट, इपॉक्सी, ब्युटाइल टेप, ग्लास इपॉक्सी शीटचा तुकडा. आणि तंगूस. ती गळासाठी नाही, तिचं काम पुढे येईल.

सकाळी ७.१५

दांडीच्या किनाऱ्यावर होडी वर ओढून ठेवलेली. २५ फुटी फायबर, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं. हंगामात स्कुबावाल्यांना किल्ल्याच्या बाजूला नेते. मधोमध उभं राहून चालवायचा कन्सोल. त्याच्या माथ्यावर होकायंत्र, खाली काळ्या प्लास्टिकचं पॅनेल आणि त्यात मीटर: दोन इंजिनांचे आरपीएम, ट्रिम, पेट्रोल, व्होल्ट. शेजारी स्विचांची पट्टी, वायरलेस आणि फिश फाइंडर. मालक पर्यटकांना हा फिश फाइंडर मोठ्या कौतुकाने दाखवतात.

मी आधी काहीच खोलत नाही. अंगठ्याने पॅनेलचे चारही कोपरे दाबून बघतो. डावीकडचा खालचा कोपरा आत जातो आणि टक् करून बाहेर येतो. मग पाच रुपयांच्या नाण्याने पॅनेलभोवतीचं फायबर वाजवत जातो. उजवीकडे आवाज खणखणीत, डावीकडे खाली बद्द. बद्द आवाज म्हणजे आतल्या प्लायने पाणी घेतलंय.

"गेल्या साली मोठे स्क्रू मारलंय मां मिया!" मालक म्हणतात. मारलेत खरेच. भोवती पांढरं सिलिकॉनही चोपडलंय. स्क्रू तीन जातीचे, त्यातला एक चक्क दरवाजाच्या बिजागरीचा, आणि त्याच्याखाली तांबडा ओघळ.

बॅटरी अजून चालू आहे तोवर काट्यांचा नाच बघून घेतो. चावी फिरवली, मीटर उठले. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. मग मीटरमधले दिवे लावले, तर पेट्रोलचा काटा जागचा हलला. टाकीतलं पेट्रोल दिवे लावल्याने कमी-जास्त होत नाही. म्हणजे निगेटिव्ह कुठेतरी ढिली आहे आणि दिव्यांचा करंट परतीची वाट सापडत नाही म्हणून शेजारच्या मीटरातून शिरतोय. कन्सोलच्या खालच्या झाकणातून हात घालून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मीटरमागच्या काळ्या वायरीच्या दांडीला लावली. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसले दोन व्होल्ट, आणि पॅनेल दाबलं की आकडा खाली-वर. पॅनेलचं हलणं आणि काट्यांचं नाचणं हे दोन आजार नव्हेत, हे इथेच कळलं.

आता बॅटरी सोडायची. निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. उलट केलं आणि पान्हा चुकून इंजिनाच्या धातूला लागला तर ठिणगी पडते, आणि ही पेट्रोलची इंजिनं आहेत. एवढं साधं पथ्य पण पाळणारे थोडे.

सकाळी ८

पॅनेल काढणं हे बसवण्यापेक्षा जिकिरीचं. दोन स्क्रू नुसते गरगर फिरतात, वर येत नाहीत, कारण धरायला आत लाकूडच उरलेलं नाही. अशा वेळी पॅनेलखाली पातळ पट्टी सरकवून किंचित उचलून धरायचं आणि तसंच फिरवायचं. जोर करून पेचकसाने उचकटलं की प्लास्टिकचा कान तुटतो, आणि हे पॅनेल मालवणात मिळत नाही.

उरलं सिलिकॉन. ते सुरीने कापायला गेलं की फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, जेलकोटवर, ओरखडे. इथे तंगूस कामाला येते. जाड तंगुशीचा हातभर तुकडा घ्यायचा, दोन टोकांना लाकडाच्या चिपा बांधायच्या आणि पॅनेलच्या मागून करवत ओढावी तसा मागेपुढे ओढत जायचा. सिलिकॉन मुकाट्याने सुटतं. मालकांचा पोरगा हे बघून हसला, मग त्यानेच पुढचं सगळं कापलं. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

पॅनेल पुढे घेण्याआधी मोबाइलवर मागच्या वायरींचे फोटो आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल. होडीत रंगांवर विश्वास ठेवू नये. मधल्या काळात कोणीतरी हातात आली ती वायर जोडून गेलेला असतो.

पॅनेल मागून दिसलं आणि मालक गप्प झाले. कुंभारणीने एका कोपऱ्यात मातीचं घर बांधलेलं. मीटरमागच्या दांड्यांवर हिरवा काट. आणि सगळ्या वायरींचा जुडगा, चांगला मनगटाएवढा, कुठेही न बांधता नुसता मीटरांना लटकलेला. होडी लाटेवर आपटली की हा जुडगा दर वेळी पॅनेलला मागून हिसका देणार. मोठा स्क्रू काय करणार तिथे? मी पेचकसाचं टोक डाव्या बाजूच्या प्लायला टेकवलं, ते जोर न लावता आत गेलं. काळा, ओला, बोटाने चुरणारा भुगा.

"पाणी खयसून इला?"

स्क्रूच्या भोकांतून. कन्सोलचं फायबर जेमतेम चार मिलिमीटर. आठ नंबरच्या स्क्रूचा एक आटा साधारण दीड मिलिमीटरचा, म्हणजे फायबरमध्ये तीन आटेही धड बसत नाहीत. बाकी सगळी भिस्त मागच्या प्लायवर. स्क्रू थोडा ढिला झाला की त्याच्या कडेने खारं पाणी आत झिरपतं, प्लाय कुजतो, स्क्रू आणखी ढिला होतो, मग आपण जाडा स्क्रू मारतो. तो भोक मोठं करतो आणि जेलकोटला केसाएवढ्या चिरा पाडतो. सिलिकॉन वरून लावलं की आत शिरलेलं पाणी बाहेरही येत नाही. शिवाय स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास मारतं. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड, तांब्याच्या वायरीला काळं करणारं. वायरींजवळ लावायचंच झालं तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन घ्यावं.

सकाळी ९.३०

कुजलेला प्लाय कोरून काढणं. यात सांगण्यासारखं काही नाही. छिन्नी, कानस, ब्लोअर आणि पाठ. अधूनमधून सर आली की सगळं टाकून ताडपत्री ओढायची. ओला प्लाय वाळवून वापरता येतो असं काहीजण मानतात. ऑगस्टच्या मालवणात त्याची वाट बघायची तर दसरा येईल. काढून टाकावा हे बरं.

जुन्या भोकांचं मात्र नीट केलं पाहिजे. उरलेल्या चांगल्या प्लायमधली भोकं ड्रिलने मुद्दाम मोठी केली, कडा आतून खरवडल्या, मागून टेप लावली आणि इपॉक्सीत एरोसिलची पूड कालवून घट्ट लापशी भरली. ही टणक झाली की तिच्या मधोमध बोल्टचं भोक पाडायचं. बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सी राहते, प्लायला पाणी दिसतच नाही. पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी घेऊ नये, ती पाण्यापुढे टिकत नाही. सावकाश सुकणारी घेऊन हॅलोजनचा बल्ब जवळ लावून ठेवला. दुपारपर्यंत ड्रिल झेलण्याइतकी होईल.

कोरून काढलेल्या जागी ग्लास इपॉक्सी शीट, सहा मिलिमीटरची. मुंबईला गेलो की लोहार चाळीतून आणून ठेवतो. इथे हायलम शीट मिळते, घरातल्या बोर्डाला ती ठीक, पण खाऱ्या दमट जागी वर्षानुवर्षं ठेवायला माझं मन घेत नाही. शीट मागून चिकटवली, चार क्लॅम्प लावले.

सकाळी ११

घावणे आणि चहा. तेवढ्यात सर्जेकोटहून एका ट्रॉलरच्या तांडेलाचा फोन: केबिनमधल्या खोक्याची पट्टी सुटलीय. खोका म्हणजे ट्रान्सपाँडर. इस्रोने विकसित केलेली ही यंत्रं, मासेमारी नौकांवर मोफत बसवायची. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याची सुरुवात केली. संकटात दोन्हीकडून छोटे संदेश पाठवता येतात, म्हणजे मोबाइलची रेंज संपल्यावरही. चांगली गोष्ट आहे. पण ट्रॉलरच्या केबिनीत आधी जीपीएस आलं, मग फिश फाइंडर, मग वायरलेस, मग एआयएस, आता हे. प्रत्येकाने आपापले स्क्रू त्याच फळीत मारले. फळी बदलायचा विचार मात्र कोणी केला नाही. त्याला म्हटलं, उद्या येतो, तोवर खोका दोरीने बांधून ठेव, स्क्रू मारू नको.

सकाळी ११.३०

इपॉक्सी सुकेपर्यंत मीटर. माझ्या आवडीचं काम, सावलीत बसून.

मीटर पॅनेलच्या गोल भोकात पुढून बसतो आणि मागून यू आकाराची पट्टी त्याला धरते. पट्टीतून दोन आट्यांच्या दांड्या येतात, त्यांवर चापट नट. कारखान्यातून येतात ते नट हाताने फिरवायचे, साधे. इंजिनाच्या थरथरीने ते महिनाभरात सैल होतात आणि मीटर भोकात फिरायला लागतो. मग ट्रिमचा शून्य कुठे आणि आरपीएमचा शून्य कुठे. मी साध्या नटांऐवजी नायलॉक बसवतो, आत नायलॉनचं कडं असलेले. पण आवळताना दोन बोटांचा जोर पुरे. जास्त आवळलं की मीटरची कड प्लास्टिकवर दाबून चीर पाडते, आणि काचेमागे बाष्प धरायला तीच चीर कारण होते.

आता त्या नाचणाऱ्या काट्यांकडे. सगळ्या मीटरांची निगेटिव्ह एकाच माळेत ओवलेली होती. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पंगतीत पहिल्याच पानाशी वाढपी अडखळला की पुढची सगळी पानं ताटकळतात, तसं. पहिल्या मीटरमागचं थिंबल फाट्याचं होतं, उघड्या तोंडाचं. जुडग्याच्या वजनाने ते नटाखालून अर्धं सरकलेलं. वायर कापून बघितली तर प्लास्टिकच्या आत वीतभर काळी पडलेली. साधं तांबं खाऱ्या हवेत असंच होतं. पाणी वायरीच्या तारांमधून वर चढत जातं.

काळी पडलेली वायर सोलून, घासून पुन्हा जोडायचा मोह होतो. करू नये, सोल्डर त्यावर धरत नाही आणि थिंबल धरल्यासारखं दिसून पुढच्या मोसमात सोडून देतं. सगळी काळी वायर काढून कथील चढवलेली तांब्याची वायर ओढली. माळ मोडली. एक पितळी बसबार कन्सोलच्या आत पक्का बसवला आणि प्रत्येक मीटरची निगेटिव्ह स्वतंत्र त्यावर आणली. थिंबलं सगळी गोल, बंद तोंडाची, म्हणजे नट ढिला झाला तरी वायर सुटून पडणार नाही. त्यावर गोंदाची स्लीव्ह तापवली. स्लीव्हच्या दोन्ही तोंडांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की समजायचं आत पाणी जाणार नाही. तो मणी दिसेपर्यंत मी पुढच्या वायरीला हात लावत नाही.

मग जुडगा. दर फूट-दीड फुटाला रबर लावलेली क्लिप, कन्सोलच्या भिंतीला. मीटरांपाशी प्रत्येक वायरीला खाली एक झोळ ठेवला. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, मीटरपर्यंत पोचत नाही. पॅनेलवर आता वायरींचं वजन शून्य.

दुपारी १.३०

मालकांच्या घरी जेवण. श्रावण, त्यामुळे काळ्या वाटाण्यांची उसळ. मालवणी माणसाच्या तोंडी श्रावणात समुद्राबद्दल जरा कडवट बोलणं येतंच.

दुपारी २.३०

इपॉक्सी टणक झाली होती, पण वर किंचित तेलकट थर. दमट हवेत ती तो सोडतेच. साध्या पाण्याने आणि घासणीने धुतला, मगच पॉलिश पेपर. त्यावर तसंच काही चिकटवलं असतं तर पोपडा निघाला असता.

भोकं पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवतो, जेलकोट कापला जाईपर्यंत. सुलटं घातलं की कडेला चिरा उडतात. मग भोकाचं तोंड थोडं उतरतं करायचं. पॅनेलमधली भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी, कारण काळं प्लास्टिक उन्हात चांगलंच फुगतं आणि भोकं तंतोतंत असली की फुगून मधोमध उचललं जातं. बोल्टला ३१६ हवं. बाजारात स्टेनलेस म्हणून बहुतेक ३०४ मिळतं, त्याला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा दुकानदार ओळखीचा हवा.

बोल्ट घालण्याआधी होकायंत्र. पॅनेल दुरुस्त करणारे बहुतेकजण इथेच हात झटकतात. वायरलेसचा जादा स्पीकर कोणीतरी होकायंत्रापासून वीतभर अंतरावर बसवला होता. स्पीकरात लोहचुंबक असतं. पोराला सांगितलं, होकायंत्रावर नजर ठेव, आणि स्पीकर सोडवून लांब नेला. काटा दहा अंशांहून जास्त फिरला. किल्ल्यापर्यंत जायला होकायंत्र लागत नाही, डोळ्यांसमोर तट आहे. पण निवतीच्या बाजूने परतताना सर आली आणि किनारा दिसेनासा झाला तर दहा अंश म्हणजे खडकावर. स्पीकर खाली गुडघ्याच्या उंचीवर गेला. होकायंत्राजवळचे दोन लोखंडी स्क्रू काढून पितळी घातले, आणि त्याच्या खालून जाणाऱ्या दिव्याच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळल्या. पिळल्या की एकीचं चुंबकत्व दुसरी खोडते. शेवटी बॅटरी जोडून एकेक स्विच चालू-बंद करत काट्याकडे बघितलं. हलला नाही.

दुपारी ४

पेट्रोलचा मीटर खरा बोलतो का हे टाकीवर जाऊन तपासावं लागतं. या होडीतला मीटर अमेरिकी पद्धतीचा: टाकी रिकामी तेव्हा टाकीतली पातळी मोजणाऱ्या सेंडरचा रोध २४० ओहम, भरली की ३३. सेंडरची वायर सोडली, काटा रिकाम्यावर. तीच निगेटिव्हला टेकवली, काटा भरलेल्यावर. म्हणजे मीटर आणि वायर ठीक. दिवे लावले, काटा जागच्या जागी.

पॅनेलमागे सिलिकॉन नाही. ब्युटाइल टेप, काळी, मऊ, कायम चिकट. पुढच्या वेळी काढायची तर तंगूसही लागणार नाही. पॉलिसल्फाइड नावाचं सीलंट होडीच्या कामात फार चांगलं, पण काही प्लास्टिकना ते खातं, म्हणून पॅनेलला नको. बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे. मागे रुंद वायसर आणि नायलॉक.

संध्याकाळी ५.३०

पाण्याचे पाइप इंजिनांना लावून दोन्ही सुरू केली. पाण्याशिवाय आउटबोर्ड क्षणभरही चालवू नये, आतला रबरी पंखा जळतो. पॅनेलवर तळहात ठेवला. थरथर लागते, खडखड नाही. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट होते, आता १४.१. म्हणजे इंजिन चार्ज करतंय. मालकांनीही चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघितले, आणि मग पोराकडून दाबवून घेतले.

संध्याकाळी ६.३०

हिशेब. दोन स्क्रूंच्या कामाला अख्खा दिवस कसा लागला, यावर थोडी घासाघीस झाली. कुजलेला भुगा मी मुद्दाम पिशवीत भरून ठेवला होता, तो दाखवल्यावर कमी झाली. मालकांना दोन गोष्टी सांगून आलो, इतरांनाही लागू आहेत. हंगामात महिन्यातून एकदा अंगठ्याने पॅनेल दाबून बघा. हललं तर जाडा स्क्रू मारू नका, खोलून मागे बघा. आणि मे अखेरीस होडी वर काढाल तेव्हाच खालचं झाकण उघडून कन्सोलला वारा लागू द्या आणि तेव्हाच मला बोलवा. जूनमध्ये मला वेळ असतो.